खील आणि खिळे

"किती इंची?"

सुलभाच्या कानावर हा प्रश्न पडला आणि तिला वाटलं, संपलं. आता लोक आपल्या तोंडावरचे दाणे इंचांत मोजायला लागले.

"काय किती इंची?"

"खील म्हणल्या ना ताई तुम्ही? एक इंची आहे, दीड आहे, अडीच आहे. भिंतीला पाहिजे का लाकडाला?"

"गालाला," सुलभा म्हणाली.

काउंटरमागचा पोरगा तराजूत खिळे टाकत होता. तो थांबला. मान हळूच वर आली... नजर तिच्या गालावर गेली... आणि खिळ्यांची मूठ तशीच हवेत राहिली.

चूक तशी कोणाचीच नव्हती. असलीच तर सिल्वासाची होती. या गावात शेजारीण गुजरातीत सल्ला देते, फॅक्टरी हिंदीत ओरडते आणि घरी गेल्यावर आई मराठीत रागावते. शेजारच्या हंसाबेननं सकाळी सांगितलं होतं, "खील माटे नाक्यावर शांतिलालभाईला विचार, बधुं मळशे." म्हणजे खीलसाठी तिथं सगळं मिळेल. गुजरातीत खील म्हणजे तोंडावरची पुटकुळी. पण शांतिलालभाईंची दुकानं दोन, एकाला एक चिकटून. एकात जडीबुटी, दुसऱ्यात हार्डवेअर. सुलभा ओढणीनं अर्धं तोंड झाकून, मान खाली घालून आली आणि नको त्या दुकानात घुसली. तिथं उभा होता गोकुळ. नुकताच शिरपूरहून आलेला. त्याच्या डोक्यात गुजरातीचा एकही शब्द अजून ठोकला गेला नव्हता.

"गालाचं इथं काही नाही ताई," तो चाचरत म्हणाला. आणि मग, जीभ सुटलीच ना... "पॉलिश पेपर आहे फक्त."

शहाण्या मुलीनं यावर चप्पल काढली असती. सुलभानं डोळे मोठे केले.

"त्यानं जातील?"

गोकुळचं हसू एकदम उतरलं. "अहो लाकडाचा आहे तो! मी मस्करी करून राह्यलो."

"पण शून्य नंबरचा बारीक असतो ना? हळू हळू घासला तर...?"

आणि तिला रडू फुटलं. भर दुकानात, बादल्या आणि नळांच्या तोट्यांच्या मधोमध.

त्याचं काय होतं, ते दाणे साधे नव्हते. मुरुम म्हणावं तर पिकत नव्हते, फुटत नव्हते. चामखीळ म्हणावं तर लोंबत नव्हते. डोळ्यांखाली, गालांच्या उंचवट्यावर, राजगिऱ्याएवढे पांढरे टणक दाणे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आले ते आले, लांबच्या पाहुण्यासारखे बसूनच राहिले. सरकारी डॉक्टर म्हणाले, "काही अपाय नाही. टोचू नका, दाबू नका. जातील तेव्हा जातील." चोविशी उलटलेल्या मुलीला म्हणे, जातील तेव्हा जातील! ती शिकवायची त्या बालवाडीतली पोरं तिला पाठीमागं साबुदाणाबाई म्हणायची. आणि स्थळं? चिपळूणचं आलं, डोंबिवलीचं आलं, पालघरचं आलं. पोहे खाल्ले, गेले. तोंडावर कोणी काही बोललं नाही, नजरा मात्र तोंडावरच. एकानं तर पत्रिका न मागताच ती जुळत नाही म्हणून कळवलं.

"रडू नका हो," गोकुळनं पाण्याचा ग्लास पुढं केला. "शेठला वाटंल मी गिऱ्हाईकालाच खिळा ठोकला."

रडता रडता सुलभाला हसू आलं. गोकुळ बघतच राहिला. इतका, की तिनं ओढणी पुन्हा ओढून घेतली आणि पळ काढला.

पण गंमत बघा. दोन दिवसांनी तिच्या घरातल्या कपाटाची कडी ढिली झाली. मग बिजागरी कुरकुरायला लागली. मग फोटो टांगायला आकडा कमी पडला. आई म्हणाली, "अगं, या क्वार्टरला दारं किती आणि तू बिजागऱ्या आणतेस किती?"

"गंजतात गं," सुलभा म्हणाली.

तिकडे गोकुळचंही काहीतरी बिघडलं होतं. पहिल्या दिवशी ताई, दुसऱ्या दिवशी ताई, आणि मग तो ताई म्हणेनाच. बाई म्हणावं तर जीभ वळेना, नाव घ्यावं तर धीर होईना. शेवटी घसरत घसरत तो ‘ऐका ना’वर येऊन थांबला.

"ऐका ना... आज काय पाहिजे?"

"कडी."

"परवाच नेली ना?"

"ती लागत नाही नीट."

"दार वाकडं आहे का?"

"दार सरळ आहे. मीच वाकडी आहे."

"मग कडी बदलून काय होणार?" तो म्हणायचा, आणि दोघंही उगाचच कड्या चाळत बसायची.

एवढाच काय तो तिच्या दिवसातला उजेड. बाकी सगळा काळोख. घरी आरसा होता. मसुराची डाळ वाटून लावली, गाल आखडले, दाणे तसेच. हंसाबेनचं जायफळ उगाळून लावलं, तसेच. मामीनं टूथपेस्ट सुचवली. तोंडाला नुसता पुदिन्याचा वास, दाणे आणखीच पांढरेशुभ्र! वाफ घेतली, लिंबू चोळलं, सुईनं टोचायला गेली तर रक्त आलं, दाणा नाही आला. रोज सकाळी उठल्या उठल्या ती बोट फिरवून बघायची. रोज सकाळी ते हजर. देवाला तिनं सांगून टाकलं, नवरा नको, रूप नको, फक्त गाल सपाट कर. देवानं तेही ऐकलं नाही.

आणि अशात वापीचं स्थळ आलं. मुलगा हर्षल, केमिकल कंपनीत सुपरवायझर. बाबा कलेक्टर कचेरीतून येताना पेढे घेऊनच आले. रात्री आईला म्हणाले, "हे शेवटचं समज. यापुढं मला कोणाच्या दारात जायचं धाडस नाही." भिंतीपलीकडं सुलभा जागीच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पानवाल्याकडून चुना आणला.

गोकुळनं तिचा डावा गाल बघितला आणि हातातली पक्कड खाली ठेवली. लालभडक चट्टा, मध्ये सोललेलं.

"हे काय झालं?"

"चुना."

"कोणी लावला?"

"आजपर्यंत लोकच लावत होते," सुलभा म्हणाली. "या वेळी मी स्वतःच लावून घेतला."

असल्या बोलण्यावर एरवी तो खदखदून हसला असता. आज हसला नाही. ती म्हणाली, "पाहायला येणारेत मला. दाणे जळतील असं वाटलं होतं. गाल जळला. दाणे आहेत."

गोकुळ म्हणाला, "ऐका ना. पहिलं हे बरं होऊ द्या. खोबरेल लावा. मग मी देतो औषध. आमच्या गावाकडचं आहे. पण एक अट. दुसरं काही लावायचं नाही. चुना नाही, सुई नाही, पॉलिश पेपर तर अजिबात नाही."

"गुण येतो?"

"हळूहळू येतो," तो कड्यांकडं बघत म्हणाला. "लय हळूहळू."

चट्टा पडल्यामुळं वापीकरांना महिनाभर पुढं ढकललं. गोकुळनं फोटोच्या रोलच्या डबीत पांढरी पूड आणून दिली. दुधात कालवून लावायची. डबी संपली की दुकानात जायचं, भरून आणायची. डबी भरताना बोटाला बोट लागायचं... मग दोघंही डबीचं झाकण शोधायची, जे समोरच असायचं.

गाल बरा झाला. दाणे तसेच राहिले. आणि सुलभाच्या लक्षात आलं, आपण सकाळी उठून बोट फिरवतो ते आता वेगळ्याच काळजीनं. आहेत ना? गेले तर नाहीत?

कारण दाणे गेले असते तर वापी पक्की होती. दाणे होते म्हणून ती अजून सिल्वासात होती. ज्यांनी तिचा जन्म नासवला, तेच आता तिच्या दारावर पहारा देत होते.

म्हणून वापीकर आले त्या दिवशी तिनं तोंडाला पावडर लावली नाही. खिडकीसमोर, लख्ख उजेडात जाऊन बसली. बघा म्हणावं, नीट बघा, पोहे खा आणि जा!

हर्षल चांगला होता. खाली बघून बसला होता बिचारा. त्याची आई, मंजुळाबाई, चष्मा लावून पुढं झाल्या. तांदूळ निवडताना खडा शोधावा तसा गाल निरखला. सुलभाचा जीव आशेनं धडधडत होता.

"असू देत," मंजुळाबाई मागं टेकत म्हणाल्या. "चालवून घेऊ. मुलगी शांत दिसते."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलभाच्याही आलं. बाबांना वाटलं, एकाच कारणानं आलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. काही घ्यायचं नाटक केलं नाही.

"पसंत पडले मी."

गोकुळ खिळे मोजत होता, मोजतच राहिला. "चांगलं झालं."

"हो ना."

"औषधाला गुण आला म्हणायचा."

"कुठला गुण? बघा की इकडे. सगळे जागच्या जागी आहेत."

तो बघेना. मग तराजू बाजूला सारून म्हणाला, "ऐका ना... ते औषध नव्हतं. तांदळाचं पीठ होतं. वासाला वेलची."

"माहितीय. पहिल्याच दिवशी चाटून बघितलं."

"मग लावत काय होत्या?"

"लावत कोण होतं? साखर घालून दुधातून पीत होते."

"आणि आठवड्याला डबी रिकामी घेऊन यायच्या..."

"संपायचं ना पण!"

दोघंही हसायला गेली आणि जमलं नाही. सुलभानं विचारलं, "का दिलंत खोटं औषध?"

"तुम्ही पुन्हा काहीतरी जाळून घेतलं असतं."

"एवढंच?"

गोकुळ बाजूला सारलेल्या तराजूतले खिळे पुन्हा मोजायला लागला.

"गोकुळ, एवढंच का?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही हसायच्या आधी ना... ते दाणे वर सरकतात. पहिले ते हसतात, मग तुम्ही. मला आधीच कळतं, आता येणार हसू. मी रोज त्यांचीच वाट पाहून राह्यलो. ते गेले असते तर... मला आवडतात ते."

सुलभाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्या दाण्यांसाठी तिच्या घरात शब्द ठरलेले होते. जातील, झाकतील, दिसणार नाहीत. आवडतात हा शब्द त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

"मग हे आधी बोलायचं होतं," ती कशीबशी म्हणाली.

"कोणत्या तोंडानं? मी दुकानातला नोकर. तुमचे बाबा कलेक्टर कचेरीत. तुमची जात वेगळी, माझी वेगळी. तुम्ही जा. वापीचं घर चांगलं आहे."

"आणि तुम्ही?"

तेवढ्यात जवळच्या सामरवरणी गावचा एक माणूस नळाची तोटी मागायला आला. गोकुळ पाठ फिरवून तोट्या शोधायला लागला. समोरच टांगलेल्या होत्या, त्याला सापडत नव्हत्या. सुलभा पायरी उतरली. रस्ता कसा संपला, तिला कळलं नाही. तो थांब म्हणाला नव्हता. म्हणणारही नव्हता. आपल्यासाठी या जगात कोणी तोंड उघडणार नाही, हे तिला तेवढं स्पष्ट कळलं.

घरी बाबा चपला घालत होते. नाक्यावरच्या बूथवरून वापीला होकाराचा फोन करायचा होता.

"बाबा, नका करू फोन. मला हे लग्न नाही करायचं."

एक पाय चपलेत, एक बाहेर, बाबा तसेच थांबले. "काय कमी आहे मुलात?"

"काही नाही."

"मग नाही म्हणायला कारण काय?"

आजवर नकाराचं कारण तिच्या गालांवर असायचं, तिला बोलावं लागत नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"सुलभा, अगं जरा विचार कर," बाबांचा आवाज चढला नाही, उलट खचला. "त्या लोकांनी तुझे ते दाणेसुद्धा चालवून घेतले गं!"

"हो बाबा. त्यांनी चालवून घेतले." तिनं गालावरची ओढणी बाजूला सारली. "गोकुळला ते आवडतात."

बाबांनी चपलेतला पायही बाहेर काढला.

"गोकुळ कोण?" बाबांनी विचारलं.

"उद्या येईल," सुलभा म्हणाली. "म्हणजे... मी त्याला अजून सांगितलं नाहीये. पण येईल."