‘रात्रीची सोबत’ हा रकाना

मोबाइल उलटे ठेवा बघू सगळ्यांनी. आणि धाकटे, तू माझ्या अंगावर रेलू नकोस. घाबरायचंच असेल तर दादाकडे सरक. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो सात वर्षं शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आणि माझ्यापुढे थाप मारायची म्हटली तरी त्याला कधी साधली नाही. कान लाल व्हायचे लगेच.

आम्ही त्याला रकान्या म्हणायचो. बाजाराची यादीसुद्धा रेघा मारून, रकाने पाडून करायचा. पुढे नोकरीही तसलीच मिळाली. आपल्या अंत्यविधीची सोय जिवंतपणीच लावून ठेवायची असेल, तर ती करून देणारं एक ऑफिस होतं, तिथे. कपडे कोणते घालायचे, फुलं हवीत की नकोत, कुणाकुणाला कळवायचं, सगळं आधी लिहून घ्यायचे. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्या घरी हा फॉर्म घेऊन जायचा.

असाच एका दुपारी तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेला. दोन खोल्या, एकटा जीव. घड्याळजी खोकत खोकत उत्तरं देत होता आणि हा भराभर लिहीत होता. शेवटी एकच रकाना उरला, ‘रात्रीची सोबत’. म्हणजे अंत्यविधीच्या आदल्या रात्री, ऑफिसच्या थंड खोलीत देहाजवळ कोण बसणार? म्हाताऱ्यानं मान खिडकीकडे वळवली.

“रेघ मार,” तो म्हणाला.

पण रेघ मारून चालायचं नाही. तो रकाना रिकामा दिसला की ऑफिस फॉर्म परत पाठवायचं. मग रकान्यानं नेहमीची युक्ती केली. स्वतःचंच नाव लिहिलं आणि वर म्हणाला, “मी बसेन की!” म्हाताऱ्यानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

बसला का? छे! घड्याळजी गेला त्या रात्री हा घरी जेवून घोरत पडला होता. मग एक नर्सबाई गेल्या, एक चित्रकलेचे सर गेले, अशी बरीच माणसं. सगळ्यांच्या फॉर्मवर याचंच नाव.

काय म्हणालास? फसवलं? हो, फसवलंच. त्याची बायकोही हेच म्हणायची. “मेलेल्या माणसाला थोडंच कळतं?” असं यानं म्हटलं की ती म्हणायची, “मला कळेल.” मूलबाळ नव्हतं त्यांना, आणि एकटं राहायची तिला भारी धास्ती. हा दुकानात गेला तरी रेडिओ लावून बसायची. तिनं आपला फॉर्म याच्याकडूनच भरून घेतला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. “इथं खरं लिही हं. रात्रभर बसायचं, आणि जागं राहायचं. मला एकटीला टाकून झोपलास तर बघ.”

ती गेली तेवीस जानेवारीला, गुरुवारी. त्याआधीच्या चार रात्री रकान्यानं हॉस्पिटलच्या बाकावर काढल्या होत्या. डोळ्याला डोळा नाही. रात्री सव्वानऊला तिला थंड खोलीत आणलं. पाळी बदलायलाही दुसरं कुणी नव्हतं. मी परगावी होतो, निरोप मिळाला होता, निघालो नाही. सकाळी जाऊ म्हटलं. ते अजून सलतं मला.

यानं आतून कडी लावली. खोलीत एकच खुर्ची होती, ती तिच्याजवळ ओढून बसला. बारा वाजले, तोवर ठीक होतं. एक वाजला. तोंडावर पाणी मारलं, मांडीला चिमटे काढले. पावणेदोनला मान एकदम खाली पडली आणि तो दचकून जागा झाला. सकाळ व्हायला अजून पाच तास होते. त्याला रडू फुटलं. “झोप येतेय गं,” तो तिला म्हणाला. “काय करू मी?”

तेव्हा बाहेर... खुर्ची सरकली.

बाहेरच्या बोळात लोखंडी खुर्च्यांची थप्पी असायची. वरची कुणीतरी काढली. मग दुसरी. मग तिसरी...

कडी लागलेलीच होती.

आणि आवाज आत आला.

पाठीमागे. एकेक खुर्ची फरशीवर टेकत होती. हळूच.

त्यानं मान वळवली नाही. बायकोच्या हाताकडे बघत राहिला.

कुणीतरी खोकलं. कोरडं. दोनदा.

तो खोकला त्यानं ऐकला होता.

याला वाटलं, आले. जाब विचारायला आले...

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

पाठीमागे आणखी एक खुर्ची टेकली.

“मी यायला हवं होतं. पण हिनं... हिनं काही केलेलं नाही.”

...

मग अगदी कानाशी, घड्याळजीचा आवाज.

“तू झोप. आम्ही जागे आहोत.”

पुढचं त्याला आठवत नाही.

सकाळी सात वाजता झाडणाऱ्या बाईनं दार ठोठावलं, तेव्हा तो उठला. कडी काढली. मागे वळून बघतो तर बायकोभोवती खुर्च्याच खुर्च्या मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. “मी एकाजवळही बसलो नव्हतो रे,” मी पोचल्यावर एवढंच तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि लहान पोरासारखा रडत होता. मी त्याची समजूत घातली, की झोपेच्या गुंगीत तूच आणल्या असशील खुर्च्या. चार रात्रींचं जागरण, माणूस काय वाटेल ते करतो.

तो म्हणाला, असेलही. पण त्या बाईनं खुर्च्या उचलायला घेतल्या आणि पहिल्याच खुर्चीवरून हात मागे घेतला. मग दुसरीला हात लावून बघितला, तिसरीला. त्या खोलीत तोंडातून वाफ निघायची एवढा गारठा.

“आत्ताच उठून गेले वाटतं सगळे?” बाई म्हणाली. “खुर्च्या अजून गरम आहेत.”