गुंजीच्या बाईंना आलेलं उत्तर

हे माझ्याबाबतीत घडलंय. कुणाकडून ऐकलेलं नाही. पटलं नाही तर सोडून द्या, पण गोष्ट रचली म्हणू नका. रचता आली असती तर शेवट तरी धड केला असता.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

१५ नोव्हेंबर २०२२, मंगळवार. दुपारचे साडेचार. खानापूर तालुक्यातलं गुंजी. स्टेशनच्या मागं, फणसाच्या झाडाजवळचं कौलारू घर.

मी रूपाली. बेळगावजवळ पिरनवाडीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, कुणाचे प्रबंध... जे येईल ते टाइप करते. मंगळवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी मी गुंजीला जायची. विनोदिनीबाईंकडे.

बाई हायस्कूलमधून रिटायर झालेल्या. वय शहात्तर. लग्न केलं नव्हतं. भावाचा मुलगा निशांत पुण्याला, बाकी कुणी नाही. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली. हातानं लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या सांगायच्या आणि मी लॅपटॉपवर घ्यायची.

कविता. सगळ्या एकाच माणसाला लिहिलेल्या.

तो माणूस म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी वारलेला एक फ्रेंच कवी. त्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. बाईसुद्धा नाव घ्यायच्या नाहीत. 'तो' म्हणायच्या.

बेळगावात कॉलेजला असताना रद्दीच्या दुकानात त्यांना त्याचं पुस्तक मिळालं होतं. ते नीट वाचता यावं म्हणून त्या पोस्टानं धडे मागवून फ्रेंच शिकल्या. गुंजीत बसून!

"ही भाषांतरं काय बाई?" मी एकदा विचारलं.

"नव्हे गं. तो पॅरिसच्या गर्दीत एकटा होता. मी इथं गर्दीशिवाय एकटी आहे. तो बोलला, मी उत्तर देते. पन्नास वर्षं देतेय." मग हसून म्हणाल्या, "त्याच्याकडून मात्र एक ओळ नाही."



चाळीस कविता झाल्या की पुस्तक काढायचं ठरलं होतं. डोळे पूर्ण जाण्याआधी ते हातात घ्यायचं, एवढीच त्यांची इच्छा.

त्या मंगळवारी एकोणचाळिसावी चालू होती. बाई खिडकीशी बसून सांगत होत्या...

"तुझ्या शहरात दिवे लागले."

मी टाइप केलं.

"माझ्या फलाटावर एक कंदील."

केलं.

"दोन्हीकडे वाट पाहणारं कुणी नाही."

मग त्या थांबल्या. नेहमीच थांबायच्या. बाहेर फणसाचं पानही हलत नव्हतं.

"वाच बघू इथपर्यंत."

मी मोठ्यानं वाचलं. बाई मान डोलवत होत्या. वाचून संपल्यावर म्हणाल्या, "हो. तसंच."

आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला.

"रूपाली... शेवटची ओळ परत वाच."

"दोन्हीकडे वाट पाहणारं कुणी नाही."

"ती नव्हे गं. त्याच्या पुढची."

मी स्क्रीनकडे पाहिलं.

चार ओळी होत्या.

चौथी ओळ होती... 'आहे की. मी निघालोय.'

बाईंनी ती सांगितली नव्हती. मी टाइप केल्याचं मला आठवत नव्हतं. आणि मी ती मोठ्यानं वाचलीसुद्धा होती. माझ्याच आवाजात. 'निघाले' नव्हे. 'निघालोय'.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या घाबरल्या नव्हत्या. आनंदानं रडत होत्या.

"आलं गं उत्तर," एवढंच म्हणाल्या.

मी लॅपटॉप मिटला. बस चुकेल म्हणून निघाले. बस सुटायला अजून तास होता. तो तास मी स्टँडवर उभं राहून काढला.

पुढच्या मंगळवारी गेले नाही. ताप आलाय म्हणून सांगितलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही.

बाईंचा फोन यायचा. पहिले दोन उचलले. मग उचलायचे बंद केले. फोन टेबलावर थरथरत राहायचा आणि मी पत्रिकेची बॉर्डर नीट करत बसायची. एक कविता राहिली होती. फक्त एक. मला कळत होतं की त्या घरात मी सोडून कुणी जात नाही. तरी गेले नाही.

एके दिवशी त्यांचे फोन यायचे थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटलं.

९ डिसेंबरला बाई गेल्या. झोपेतच.

दिवसकार्य झाल्यावर निशांतचा फोन आला. "ताई, आत्याचं पुस्तक पूर्ण करू या. घरी कागद आहेत, बघायला याल का? आणि तुमचे आभार कसे मानू... तुम्ही रोज यायचात म्हणून ती शेवटी खुशीत होती."

'रोज' हा शब्द मला वाटलं त्यानं चुकून वापरला.

गुंजीला गेले. निशांतनं किल्ली शेजारच्या शालूबाईंकडे ठेवली होती. कुलूप काढता काढता त्या म्हणाल्या, "लई केलंस गं पोरी. पोटची लेक करत न्हाय एवढं."

"मी कुठं आले आक्का? माझं येणंच झालं नाही."

"आता गं! रोज दिवेलागणीला आलतीस की. भिंतीला भिंत हाय, मला ऐकू येत न्हाय व्हय? तू कविता म्हणायचीस, बाई हसायच्या. एवढं हसताना मी त्यास्नी कधी ऐकलं न्हवतं."



"आक्का, मला बघितलंत का तुम्ही?"

त्या थबकल्या.

"बघाय कशाला पायजे? आवाज तुझाच न्हवं..." मग हळूच म्हणाल्या, "खरं, एक हाय. तू बापय माणसावानी बोलायचीस. 'आलो', 'बसलो' असं. मला वाटलं, कवितेत तसंच असंल."

आत टेबलावर एक वही होती. शंभर पानी, दुकानात मिळते तशी साधी. तिच्यात आठ कविता होत्या. शाईनं लिहिलेल्या.

अक्षर बाईंचं नव्हतं. त्यांना तर ओळही दिसत नव्हती.

अक्षर माझं होतं.

मी 'ळ'ला खाली एक फालतू शेपूट काढते. शाळेत त्यावरून मार खाल्लाय. प्रत्येक 'ळ'ला ते शेपूट होतं.

पहिली कविता बाईंचीच होती. चाळिसावी. पुढच्या सात त्यांना लिहिलेल्या. नाव घेऊन. 'विनोदिनी' असं. त्यांना नुसतं नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

निशांतला वहीबद्दल मी काय सांगणार होते? त्याला वाटलं, आत्यानं सांगितल्या आणि ताईंनी उतरवून घेतल्या. मी गप्प बसले. पुस्तक निघालं. सत्तेचाळीस कविता. बेळगावात छोटासा कार्यक्रम झाला, लोकांनी शेवटच्या सातांचं फार कौतुक केलं. म्हणाले, भाषा एकदम वेगळी आहे.

मला वाटलं, संपलं.

यंदा मार्चमध्ये, संध्याकाळी सहा-सव्वासहाला, दुकानात शालूबाईंचा फोन आला. आवाजात रुसवा होता.

"आलीयास तर भेटून तरी जा की गं. हितवर येऊन चहा न घेता जातीस?"

"आक्का, मी पिरनवाडीत आहे. दुकानात."



"घराला तर कुलूप हाय," त्या पुटपुटल्या. "मग आत कोण वाचाय लागलंय?"

त्या भिंतीजवळ गेल्या असाव्यात. बांगड्या वाजल्या. मग फोनमधून मला ऐकू आलं...

मी वाचत होते.

शब्द कळत नव्हते. पण तो चढ-उतार माझा. मधेच घसा साफ करायची सवय माझी.

वाचणं थांबलं.

आणि अगदी शांतपणे, खूप समाधानानं, दुसरा आवाज म्हणाला...

"हो. तसंच."

फोन शालूबाईंनी कापला. माझ्यानं कापवला नसता.

त्यानंतर मी गुंजीला गेलेले नाही. शालूबाई आता लेकीकडे हिंडलग्याला राहतात. निशांतला मी काही सांगितलेलं नाही.

एकच गोष्ट बदलली. दुकानात गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ बघायला येतं. सवयीनं म्हणतं, "ताई, एकदा वाचून दाखवा."

मी कागद त्यांच्याच हातात देते. म्हणते, तुम्ही वाचा, मी ऐकते.