सैल तार

टेनिस स्पर्धेच्या पहिल्या फेरीच्या सकाळी तो क्लबातल्या तिच्या नेहमीच्या टेबलापाशी आला तो चुकून.

"खांदा इथे बघतात का?"

"इथे रॅकेटा बघतात," ती मान वर न करता म्हणाली. "खांदा शेजारच्या खोलीत."

"मग रॅकेटच बघा. खांद्याचं आता काही खरं नाही."

तिला हसू आलं. पहाटेपासून रॅकेटांच्या तारा ओढून बोटं सोलवटलेल्या बाईला हसवणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं.

पुरुष दुहेरीतला तो सगळ्यांत वयस्कर गडी. जोडीदाराशेजारी उभा राहिला की त्याचा काकाच वाटायचा. रोज संध्याकाळी रॅकेट द्यायचा, "नेहमीसारखी घट्ट" म्हणायचा आणि खांदा चोळत तिच्या स्टुलावर बसून राहायचा. तिला ते बघवेना. न सांगताच ती तार सैल ओढू लागली. सैल तारेने हाताला हिसका कमी बसतो... चेंडू मात्र जरा लांब जातो.

जोडी जिंकत गेली. ती मनातून खूश होती. तो तिला आवडायला लागला होता, उगीच नाही कशाला म्हणा. पण अंतिम सामन्यात त्याचा शेवटचा फटका रेषेच्या बोटभर बाहेर पडला. कर्ण्यावर निकाल ऐकला आणि तिने तारा ओढायचं यंत्र बंद केलं.

तो आला तेव्हा ती यंत्र पुसत होती.

"तो चेंडू... माझ्यामुळे गेला," ती म्हणाली. खरं सांगितलं तर हा माणूस परत तोंड दाखवणार नाही, हे कळत असूनही म्हणाली. "मी तार सैल ओढत होते. पहिल्यापासून. विचारलंसुद्धा नाही तुम्हाला."

तो स्टुलावर बसला.

"माहीत आहे. अर्धं आयुष्य रॅकेट धरतोय, हाताला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही घट्ट केली असती. माझा खांदा दुसऱ्याच फेरीत घरी गेला असता. आणि मी पण —"

ती पुसायची थांबली.

"जोडीदार उद्या पुढच्या स्पर्धेला चाललाय," तो म्हणाला. "त्याला नवा गडी मिळालाय."

"आणि तुम्ही?"

"मी दमलो. आता इथेच बसावं म्हणतो... रोज. चालेल?"

तिने फडकं बाजूला ठेवलं. दमली तर तीही होती, किती दिवसांची.

"ते स्टूल डुगडुगतं," ती म्हणाली. "भिंतीला टेकून बस."

तो टेकून बसला. मग तीही त्याच्या शेजारी येऊन टेकली.