काटा काढलाय, गिळ

गल्लीत कुणाची चप्पल लिंबाच्या झाडावर दिसली की लोक आधी माझं नाव घेतात, सिद्रामचं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण ही खोडी माझी न्हाई, आधीच सांगून ठेवतो. जरा जवळ सरका.

शिवप्पाचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं. त्याच्या बायकोला, शिवबाईला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायला मी दुपारी दवाखान्यात गेलो. आयसीयूच्या दारात डॉक्टरीणबाई तिला सांगत होत्या, "आतडं अजून चालत नाही. अन्न शिरेतून द्यावं लागेल. त्यात माशाचं तेल असतं. त्यांना माशाची ॲलर्जी नाही ना?"

शिवबाईचं तोंड उतरलं. शिवप्पा वळसंगचा लिंगायत, जन्मात अंड्यालाही शिवला न्हाई. केसरबाई आमच्या गल्लीत उजनी धरणातली चिलापी मासळी विकायची. तिची पाटी दिसली की हा नाक धरून पलीकडनं जायचा. ती ओरडायची, "शिवअण्णा, एक घास तरी तुला खाऊ घालीनच की!" आणि मी टाळ्या पिटायचो.

"जीव वाचंल का?" शिवबाईनं विचारलं.

"ताकद यायला मदत होईल."

"मग लावा." ती माझ्याकडं वळली. "भाऊजी, त्यांना कळलं तर धसक्यानंच जातील. तुमच्या तोंडाला कुलूप पायजे."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरी शपथ घेतली.

गाऊन-टोपी चढवून आत गेलो. दुधासारखी पांढरी पिशवी टांगलेली. शिवप्पा बेशुद्ध, तोंडात नळी. बाहेर ऊन रणरणत होतं, आत गारवा. आणि हळूच... वास आला. ओल्या पाटीचा, ताज्या चिलापीचा.

"सिस्टर, ह्या तेलाला वास येतो का हो?"

"पिशवी बंद असते, आजोबा. कसला वास?"

मग बांगड्या किणकिणल्या. सिस्टरच्या हातात एकही बांगडी न्हवती. उशाजवळची रिकामी खुर्ची करकरली, कुणीतरी जड बूड टेकवल्यागत...

मी जो पळालो, तो टोपीसकट रिक्षा स्टँडवरच थांबलो!

शिवप्पा सुधारला. नळी निघाली, घसा मोकळा झाला, आणि तो घोगऱ्या आवाजात पहिलं बोलला ते हे, "सिद्र्या... केसर रोज कशाला यायची रे? म्हणायची, काटा काढलाय... गप गिळ."

शिवबाईनं माझ्याकडं डोळे वटारले. "भाऊजी! सांगितलंत न्हवं?"

"आईच्यान न्हाई, वैनी!"

केसरबाईला गेल्या उन्हाळ्यात आमीच पोचवून आलो होतो. शिवप्पानं खांदा दिला होता, नाक न धरता.

आमी धसक्याची वाट बघत बसलो, तर हा पठ्ठ्या हसला. "गिळलं बाबा. लई मऊ होतं."

आता तो संध्याकाळी कट्ट्यावर माझ्याबरोबर बसतो. गल्लीतली मांजरं येऊन समोर ओळीनं बसतात. "बघ, तुला ओळखलं की!" म्हणून मी त्याला लई चिडवलं. पण परवा नीट बघितलं. मांजरं शिवप्पाकडं बघतच न्हाईत. आमच्या दोघांमधल्या रिकाम्या जागेकडं मान वर करून बघतात, डोक्यावरची पाटी उतरायची वाट बघावी तशी.