कापलेला कोपरा

तंबूला दोरी हवी होती, म्हणून सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी तिघं जुन्या सामानाच्या दुकानात शिरली. वकील सगळ्यांत मोठी, तेरा वर्षांची. कुणी नुसतं "आज उकडतंय" म्हटलं, तरी ती पुरावा मागायची, म्हणून हे नाव. तिचा धाकटा भाऊ भिंग. त्याच्या खिशात भिंग नसेल, तर चड्डी दुसऱ्याची समजावी. आणि नऊ वर्षांची चुलतबहीण शेपूट. तिला घरी थांब म्हणणं म्हणजे आधी चपला घाल म्हणण्यासारखंच होतं.

दोरी राहिली बाजूला. शेपूटने पडद्यांच्या ढिगातून एक तपकिरी चामड्याचं जॅकेट ओढून काढलं. लोकरी कॉलर, कोपरांवर पांढुरकं झिजलेलं. दुकानदाराने सांगितलं, बंद पडलेल्या एका लाँड्रीच्या पेटीतून आलंय, नाटकातलं असेल, दोरीबरोबर घेऊन जा.

घरी आत्याआजी मशीनवर बसली होती. ती बाबांची आत्या. तिने जॅकेट उलटं केलं, पाठीच्या मधल्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे आमचं आहे."

आत्याआजी सतरा वर्षांची असताना लढाई चालू होती. तेव्हा एका मोठ्या हॉलमध्ये ती वैमानिकांची जॅकेटं शिवायची. गावातल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात तसलंच एक जॅकेट होतं. वीस वर्षांपूर्वी, उद्घाटनाच्या दिवशी, तिने भर सभेत सांगितलं की हे आमच्या हॉलमधलं नव्हेच. संग्रहालयाच्या साहेबांनी तिला कोपराला धरून दारापर्यंत पोचवलं. वय झालं की आठवणींची सरमिसळ होते, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. तेव्हापासून ती तिथे गेली नव्हती. घरात तिचा चष्मा हरवला की कुणीतरी "सरमिसळ झाली" म्हणून हसायचं. तीही हसायची, पण तिला ते फार लागायचं.

वकीलबाईंना एवढं पुरे होतं. दुपारी तिघं जॅकेट घेऊन संग्रहालयात हजर झाली. साहेबांनी ते हातातही घेतलं नाही. लांबूनच म्हणाले, सैन्याच्या जॅकेटची पाठ अखंड चामड्याची असते. ही जोडलेली आहे आणि आत लेबलही नाही. लढाईनंतर वीसेक वर्षांनी निघालेली फॅशन आहे ही.

"तुम्ही आत बघितलंच नाही," वकील म्हणाली.

साहेबांनी त्यांना बाहेर जाऊन खेळायला सांगितलं. पण एवढ्यात भिंगने काचेला नाक लावून घेतलं होतं. कपाटातल्या जॅकेटची कॉलर उलटून ठेवली होती, आणि लेबलवर 'खेप ३' दिसत होतं. लेबलचा एक कोपरा नव्हता. पाटीवर लिहिलं होतं, 'कोपरा झिजलेला'. भिंगच्या मते झीज इतकी सरळ रेषेत होत नाही. तो कात्रीने कापलेला होता.

घरी हे ऐकून आत्याआजीच्या हातातलं कापड खाली पडलं. मग ती पोट धरून हसली. लेबल खळ लावलेल्या कडक कापडाचं असे, आणि त्याचा एक कोपरा वैमानिकाच्या मानेला सतत घासायचा. मुकादमाला सांगितलं, तर लेबलला हात लावाल तर काम जाईल, अशी तंबी मिळाली. मग तिच्या टेबलावरच्या सहाजणींनी गुपचूप तो कोपरा उडवायला सुरुवात केली. ही गोष्ट तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. आणि तिसऱ्या खेपेपर्यंत मोठी चामडी संपली होती, त्यामुळे त्या खेपेतल्या प्रत्येक जॅकेटची पाठ जोडलेलीच होती.

"कपाटातल्याची पाठ तर अखंड आहे. म्हणजे त्यांच्याच लेबलप्रमाणे त्यांचं जॅकेट चुकीचं," वकील म्हणाली. "पण लेबल तिकडे गेलं कसं?"

आत्याआजीला ते लगेच कळलं. चामडं धुण्याआधी लेबल उसवून ठेवतात, नाहीतर त्याची शाई पसरते. धुऊन झालं की परत शिवतात.

शेपूटने कॉलर उलटली. आत एक गडद चौकोन होता, आणि त्याचा एक कोपरा गायब होता. कडेने टाक्यांची भोकं. "चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही," आत्याआजी म्हणाली. भिंगने बटर पेपर ठेवून वरून पेन्सिल घासली, आणि भोकांची रांग कागदावर उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याआजी जॅकेट अंगात घालूनच निघाली. ऊन होतं, पण तिने ते काढलं नाही. संग्रहालयात पाहुण्यांची गर्दी होती. कपाट उघडा, असं वकीलने सर्वांसमोर सांगितलं. साहेब हसले, "हसं तुमचंच होणार आहे," म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

भिंगने कागद लेबलवर धरला. वर अकरा भोकं, लेबललाही अकरा. डावीकडे एका जागी सुई घसरून पडलेलं जोडभोक, तेही जुळलं. कापलेला कोपरा कापलेल्या कोपऱ्यावर बसला. साहेबांनी भिंगचं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

उद्घाटनाआधी जॅकेट लाँड्रीत दिलं होतं, ते हळूच म्हणाले. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी तसंच दिसणारं जॅकेट आलेलं असणार. लेबल त्यावर शिवलं गेलं आणि तेच इकडे आलं. परत घेताना त्यांनी फक्त लेबल वाचलं होतं.

"वीस वर्षं मी रोज याच्यासमोरून जातो," ते म्हणाले. "बघितलं मात्र या मुलांनी. आजी, त्या दिवशी मी तुमचा अपमान केला. माझं चुकलं."

"चुकलंच," आत्याआजी म्हणाली. "सुई द्या."

साहेबांनी स्वतः खुर्ची आणून दिली. तिने लेबल उसवलं आणि आपल्या जॅकेटवर ठेवलं. सुई जुन्या भोकांतून अलगद जात होती, एकदाही दाबावी लागली नाही. पाहुणे माना पुढे करून बघत होते.

दोरा तोडल्यावर साहेबांनी विचारलं, पाटीवर आता काय लिहू?

"'झिजलेला' हा शब्द खोडा. लिहा, कोपरा मुद्दाम कापलेला आहे. आणि कापणाऱ्या सहाजणींची नावं सांगते, तीही लिहून घ्या."

ती एकेक नाव सावकाश सांगू लागली, आणि साहेब उभ्याने लिहीत राहिले.