शांत स्वभावाचा, बेताच्या लांबीचा

बाहेर गारांचा ताशा कडाडला आणि हॉलच्या दारातून एक उंच, नखशिखांत भिजलेला तरुण आत घुसला. केसांतल्या गारा झटकत तो समोरच्याच टेबलाशी येऊन थांबला. टेबलावर काय मांडलंय ते त्याने आधी पाहिलंच नाही. पाहिलं... आणि एक पाऊल मागे सरकला.

"हे... साप आहेत?"

"नाही, गाजरं आहेत," लेनोर म्हणाली.

शेजारच्या टेबलावर व्हर्ला मावशी खुसखुसली.

मार्शलटाऊनच्या जत्रेच्या मैदानावर एका महिन्याआड सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरायचा. अर्ध्या आयोवातून लोक पाली, कासवं, साप घेऊन यायचे. लेनोर हास्कॅम्प बोआ जातीचे बिनविषारी साप वाढवायची आणि विकायची. म्हणजे, विकायला आणायची. गिऱ्हाइकाला ती इतके प्रश्न विचारायची की निम्मे लोक मध्येच काढता पाय घ्यायचे. "तू दुकानदारीण नाहीस, पोरीची आई आहेस," असं मावशी म्हणायची. मावशी स्वतः सापांच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर विकायची, आणि तिचा धंदा तेजीत होता.

भिजलेल्या तरुणाने छाती पुढे काढली. "मला एक हवाय."

"कोणता?"

त्याने सगळ्यांत देखण्या पिल्लावर बोट ठेवलं. लालबुंद शेपटीचं, पाठीवर जांभळट नक्षी. "हा."

"ही. मादी आहे. सुरिनामची जात. आज तुमच्या बोटाएवढी जाड आहे, वाढली की आठ-नऊ फूट होईल. राहता कुठे?"

"सध्या... मोटेलमध्ये."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या मोटेलमध्ये. पवनचक्क्या दुरुस्त करतो मी. काम संपलं की पुढचं गाव." तो हसला. गालात एक खळी पडली, एकाच बाजूला. "टोबिन रायर्सन."

"बोआ पंचवीस-तीस वर्षं जगतो, मिस्टर रायर्सन. तुम्हाला पुढचा महिना कुठे काढाल ते ठाऊक नाही. नाही मिळणार."

"नकार?"

"नकार."

"नकार पुष्कळ मिळालेत मला. कारणासकट पहिलाच."

लेनोरला हसू आलं. ते लपवायला तिने मागच्या काचेच्या पेटीकडे मान वळवली. तिथे मेबल वेटोळं घालून पडली होती, आठ फुटांची, मांडीएवढी जाड. मेबलला कुणीतरी हौसेने पिल्लू असताना नेलं होतं, आणि आवरेनाशी झाल्यावर कडाक्याच्या थंडीत एका पेट्रोल पंपामागे खोक्यात टाकून दिलं होतं. लेनोरने तिला आपल्या स्वेटरात गुंडाळून घरी आणलं. तेव्हापासून तिचे प्रश्न वाढले होते. माणसं हौसेने जवळ करतात आणि आवरेनासं झालं की टाकून जातात, हे तिने फक्त सापांच्या बाबतीतच पाहिलेलं नव्हतं.

"निदान हातात तरी घेऊ द्या," टोबिन म्हणाला.

तिने एक लहानसा, तपकिरी नर त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो हात अंगापासून होईल तेवढा लांब धरला.

"भीती वाटतेय तुम्हाला."

"रोज तीनशे फुटांवर दोरीला लटकतो मी."

"ते नाही विचारलं."

त्याने पिल्लाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हो... वाटतेय. खूप."

गारा केव्हाच थांबल्या होत्या. तो मात्र थांबला.

जूनच्या बाजारात तो पुन्हा आला. नेब्रास्काच्या पार पलीकडच्या टोकाहून, रात्रभर ट्रक चालवून. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मावशीने लेनोरच्या बरगडीत कोपर खुपसलं. "इस्त्री सापासाठी नसते गं कुणी करत."

"आज पाहण्याचा कार्यक्रम," टोबिनने जाहीर केलं. "दाखवा तुमची पोरं."

"दिसण्यावर जायचं नाही," लेनोर म्हणाली. "स्वभाव बघायचा. आणि पूर्ण वाढल्यावर किती मोठा होईल ते. पिल्लाचे आईबाप बघून ते कळतं."

"माझी आई पाच फूट दोन, बाबा सहा फूट चार. स्वभावाने दोघंही गरीब."

"तुमचं नाही विचारलं!"

"सांगून ठेवलेलं बरं."

तिचे कान तापले. तिने एकामागून एक पिल्लं त्याच्या हातात दिली. लाल शेपटीवालीने फुस्स करून त्याच्या अंगठ्यावर झेप घेतली. दुसऱ्याने त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर घाण केली. तिसरं भीतीने काठीसारखं ताठ झालं. मग तो तपकिरी नर. त्याने जीभ लवलवत टोबिनची बोटं एकेक करून हुंगली, मनगटाला सैलसर विळखा घातला आणि तिथेच विसावला.

"याचे आईबाप होंडुरासजवळच्या बेटावरचे," लेनोर म्हणाली. "चार-साडेचार फुटांवर थांबेल. गडबड नाही, राग नाही. आधी विचार करतो, मग पुढे सरकतो. असा... असा लाखात एक असतो."

"असा माणूसही असतो?"

"क्वचित."

"आणि सापडला तर?"

"तर... बघायचं. वर्षभर नीट बघायचं."

"बघ की मग," तो म्हणाला. 'बघा' नव्हे, 'बघ'. ते ऐकून लेनोर लावलेलंच एक झाकण पुन्हा लावत बसली. तरी पिल्लू मात्र तिने दिलं नाही. मोटेल ते मोटेलच. तो हिरमुसला, पण भांडला नाही. "ऑगस्टात येतो," एवढंच म्हणाला.

ऑगस्टातला तो शनिवार उकाड्याचा होता. हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. सकाळी मावशीच्या खोक्यातली उंदरांची एक पिशवी फुटली, आणि लेनोरने ती आवरायला मदत केली. हात तिने धुतले. बाही तशीच राहिली. मग शाळकरी मुलींचा घोळका मेबलला बघायला आला आणि गर्दीच्या घाईत लेनोरने पेटी उघडली.

मेबल स्वभावाने गाय होती, पण उंदराच्या वासापुढे तिला आईबाप दिसत नसत. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिने लेनोरचा डावा हात कोपराखाली जबड्यात धरला, आणि आठ फुटांचं अंग दंडापासून मनगटापर्यंत गुंडाळत गेलं.

मुली किंचाळल्या. माणसं मागे हटली. लेनोरने दात आवळले. ओढायचं नाही, हे तिला माहीत होतं. पण एका हाताने ते वेटोळं सुटण्यातलं नव्हतं, आणि बोटं निळी पडायला लागली होती.

"बाजूला व्हा!" एक दांडगा गडी खिशातला चाकू उघडत पुढे आला. "डोकंच उडवतो!"

"नाही! तिला हात लावू नका!" लेनोरचा आवाज चिरकला.

चाकूवाला थांबेना. तेवढ्यात त्याच्या आणि टेबलाच्या मधे कुणीतरी येऊन उभं राहिलं. उंच. खांदे ताठ.

"चाकू खिशात घाल, भाऊ," टोबिन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण गडी जागीच थबकला. टोबिन वळला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. "लेनोर, सांग. काय करू?"

"शेपटीकडून... शेपटीच्या टोकापासून सोडवायला लाग. जोर लावू नकोस, उलगड."

"चक्कर आलेल्या माणसाला पवनचक्कीवरून उतरवताना आम्ही एकच सांगतो. माझ्याकडे बघ, खाली बघू नकोस." त्याने शेपटीचं टोक धरलं. "माझ्याकडे बघ."

ती बघत राहिली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, हात मात्र ठाम होते. एक वेटोळं सुटलं. दुसरं. मेबलचं जड अंग त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलं, ज्या माणसाला बोटभर पिल्लाची भीती वाटायची त्याने. मावशी हात धुवायच्या स्पिरिटची बाटली घेऊन धावली. दोन थेंब तोंडाच्या कडेला पडले, आणि मेबलने वैतागून जबडा सोडला.

टोबिनने तिला उचलून हलकेच पेटीत ठेवलं, झाकण लावलं, कडी घातली. मग तो मटकन जमिनीवर बसला.

सगळ्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. चाकूवाला गडी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

मावशीने जखम धुऊन पट्टी बांधली. दातांच्या खुणांचा अर्धचंद्र, वर थोडं रक्त, बाकी हात शाबूत. लेनोर पट्टी बांधलेला हात सांभाळत त्याच्याशेजारी, खाली फरशीवरच बसली.

"तू तिला वाचवलंस."

"मी तुला वाचवत होतो. तीही वाचली." त्याने श्वास घेतला. "लेनोर, मी घर घेतलंय. भाड्याने, इथेच, मेन स्ट्रीटच्या मागे. इथल्या पवनचक्क्यांच्या देखभालीची कायमची नोकरी धरली. मागच्याच महिन्यात. आज तेच सांगायला आलो होतो."

"सापासाठी गाव बदललंस?"

"मला सापांची अजून भीती वाटते गं." त्याच्या गालावरची ती एकुलती खळी उमटली. "कुणासाठी बदललं, ते तूच ओळख."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसतही होती. आजवर तिने शेकडो लोकांना तोंडावर नकार दिला होता. होकार कसा द्यायचा, तेच तिला आठवेना.

"मी..." ती म्हणाली. "मी तुला... हं, थांब."

ती उठली. तोही उठून उभा राहिला. तपकिरी पिल्लाला मऊ कापडी पिशवीत घातलं, पिशवी त्याच्या हातात दिली, आणि हजारभर लोकांच्या देखत, बऱ्या असलेल्या हाताने त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. त्याचं चुंबन घेतलं. नीट, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखं.

हॉल दणाणला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी टोप्या उडवल्या. व्हर्ला मावशी टेबलावर चढून ओरडली, "ऐका हो, आमच्या लेनोरने आज एक पोर उजवलं!"

"एक नाही," टोबिन धापा टाकत म्हणाला, "दोन!"