चौदाव्या मजल्यावरचा पाट

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे बसले होते, टाळ हातात घेऊन. रामनवमीच्या दिवशी मी खोटं सांगणार नाही.

साल १९६४. मुंबईत समुद्रासमोरची नवीकोरी सोळा मजली इमारत. चौदाव्या मजल्यावर माझी धाकटी बहीण रंजना राहायची. मेहुणे रतिलाल केळीचे मोठे व्यापारी. संगमरवरी फरशी, आरशाची लिफ्ट... काही कमी नव्हतं.

फक्त रोज भर दुपारी, लिफ्टवाला जेवायला गेला की ती लिफ्ट आपोआप वर यायची.

जाळी सरकायची...

आत कोणीच नाही.

मग बंद घरात, फरशीवर पांढरी पावलं.

रतिलाल घर विकायला निघाले. रंजना हटली नाही. "कोणाले भिऊन मी मन्हं घर सोडाव नही!"

मी म्हटलं, "सोडू नको. रामाचं कीर्तन लावू. बघू कोण येतं ते!"

आमच्या सारंगखेड्याहून कीर्तनकार दगाबुवांना मुंबईला नेलं. आमच्याकडे रामकथेला एक पाट रिकामा ठेवतात, मारुतीचा. घरातल्या थोरल्या बाईने नाव घेऊन बोलवायचं.

त्या दिवशी ते माझ्याकडे होतं. दुपारचे बारा वाजत आलेले. गडबडीत मी नुसतं म्हणाले, "या, बसा."

मारुतीरायाचं नाव राहिलं...

लिफ्ट वर आली.

जाळी सरकली.

पाटावरचं फूल हळूच दबलं...

दगाबुवांचा आवाज थांबला. रतिलाल ओरडले, "उठवा त्याला!"

मी म्हटलं, "रतिलालभाऊ, भ्या वाटत असेल तर तुम्ही उठा. कीर्तनात बसलेल्याला कोणी उठवत नाही. बुवा, चालू द्या!"

पाटाजवळ ठेवलेला टाळ आपोआप वाजायला लागला... एक ठेका मागे.

कीर्तन संपलं. लिफ्टवाला वाहरू, आपल्या धडगावकडचा, प्रसादाला आला. पाटापुढे उमटलेली पांढरी पावलं पाहून मटकन बसला.

"बाई, उजवा पायले आंगठा नही... हाऊ मन्हा जोडीदार वीरसिंग शे. बिल्डिंग बांधतांना आठेनच, ह्या मजलावरतून पडना, मरी गया. आमले मजूरस्ले परत कोणी ह्या घरमा येऊ दिनं नही."

रंजना आजही तिथेच राहते. दुपारी लिफ्ट आली की म्हणते, "या."

आता मी मारुतीला नाव घेऊनच बोलावते. पण पाट दोन मांडते, इथे सारंगखेड्यात.

गेल्या रामनवमीला दुसरा पाट उचलला...

खाली ओलं सिमेंट होतं.

आमचं घर मातीचं आहे.

पण यंदाही पाट दोनच मांडणार.